चराऊ वनस्पतींची वाढ, विकास आणि चराईची वेळ : चिकोरी व धाराशिव जिल्ह्यातील गायराने

सारांश

चराऊ वनस्पती किती वाढते, यापेक्षा ती वाढीच्या कोणत्या अवस्थेत असताना खाल्ली जाते, यावर कुरणाचे आयुष्य अवलंबून असते. प्रस्तुत लेखात समशीतोष्ण प्रदेशातील चिकोरी आणि धाराशिव जिल्ह्याच्या गायरानांवरील पवन्या, मारवेल, कुसळी इत्यादी गवते यांच्या वाढीचा तुलनात्मक विचार केला आहे. मृगाच्या पावसानंतरचे सहा ते आठ आठवडे हा गवताच्या दृष्टीने सर्वांत नाजूक आणि शेळीपालकाच्या दृष्टीने सर्वांत अडचणीचा काळ असतो. या दोन्ही अडचणी एकत्र सोडविल्याशिवाय कुरणविकास शक्य नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

महत्त्वाचे शब्द : चिकोरी, गायरान, पवन्या, मारवेल, राखीव अन्न, उस्मानाबादी शेळी, चराईबंदी.

प्रस्तावना

धाराशिव हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा आहे. 2023 पर्यंत तो उस्मानाबाद या नावाने ओळखला जात असे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा हे त्याचे आठ तालुके होत. बालाघाटच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याच्या मोठ्या भागाला पठाराचे स्वरूप आले असून डोंगरउतार व माथ्यावरील जमिनी हलक्या, उथळ आणि मुरमाड आहेत. वनक्षेत्र अत्यल्प असल्याने पशुधनाचा भार प्रामुख्याने पिकांच्या अवशेषांवर, बांधांवर, पडीक जमिनींवर आणि गावोगावच्या गायरानांवर पडतो.

2012-13, 2015-16 आणि 2018-19 या टंचाईच्या वर्षांत जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. छावणी हा आपत्कालीन उपाय होय. तिने जनावर जगते, परंतु कुरण सुधारत नाही. पाऊस बरा झाला की छावण्या बंद होतात आणि जनावरे पुन्हा त्याच माळावर जातात. त्यामुळे चाऱ्याचा प्रश्न केवळ पर्जन्याचा आहे, असा समज दृढ होतो. वस्तुतः पाऊस पडल्यानंतर माळावरील वनस्पतीला वाढण्यास किती अवधी मिळतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर वनस्पतींच्या वाढीच्या शास्त्रात शोधावे लागते.

वाढ आणि विकास यांतील भेद

व्यवहारात वाढ आणि विकास हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. वनस्पतिशास्त्रात मात्र त्यांचा अर्थ भिन्न आहे. वाढ म्हणजे आकार व वजन यांतील वृद्धी. विकास म्हणजे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत होणारे संक्रमण. बी उगवणे, फुटवे येणे, पोटरीत येणे, निसवणे, फुलणे आणि बी पक्व होऊन झडणे हा विकासाचा क्रम होय. पाणी कमी पडल्यास वाढ खुंटते. विकास मात्र पुष्कळदा चालूच राहतो. कोरडवाहू माळावरील बहुतेक गवते दिवस लहान होऊ लागल्यावर फुलोऱ्याकडे वळतात. त्या वेळी गवत गुडघाभर उंच आहे की वीतभर, याची निसर्ग वाट पाहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा मोठा खंड पडलेल्या वर्षी आखूड गवतालाच तुरे आलेले दिसतात, ते याच कारणाने.

चाऱ्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो. वाढीबरोबर चाऱ्याचे वजन वाढते, तर विकासाबरोबर त्याची प्रत घटते. कोवळ्या पानांत प्रथिने अधिक व तंतू कमी असतात. गवत निसवल्यानंतर खोडाचे प्रमाण वाढते, ते कठीण होते आणि पचनीयता कमी होते. माळावरील कोवळ्या गवतात प्रथिनांचे प्रमाण स्थूलमानाने 8 ते 10 टक्के असते. उन्हाळ्यात उभ्याउभ्या वाळलेल्या गवतात ते 3 टक्क्यांच्या आसपास उतरते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजीवांना कार्यक्षम राहण्यासाठी आहारात सुमारे 7 टक्के प्रथिने लागतात. ती न मिळाल्यास समोर वाळके गवत असूनही जनावर ते पुरेसे खात नाही व पचवीत नाही. म्हणून जनावराचे पोट भरलेले दिसते आणि अंग मात्र उतरत जाते.

चराईनंतर वनस्पती पुन्हा कशी फुटते, याचा विचार येथे आवश्यक आहे. पुनर्वाढ तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, चरल्यानंतर शिल्लक राहिलेली हिरवी पाने. दुसरी, शाबूत असलेले वाढीचे कोंब. तिसरी, बुडख्यात अथवा मुळात साठविलेले राखीव अन्न. पाने शिल्लक असतील तर प्रकाशसंश्लेषणाने नवे अन्न तयार होते आणि वनस्पतीला साठ्याला हात लावण्याची गरज कमी पडते. पाने पूर्णपणे खाल्ली गेल्यास नवी पालवी साठ्यातून काढावी लागते. ही पालवीही लगेच खाल्ली गेली, तर खर्च होतो आणि भरपाई होत नाही. असे वारंवार घडल्यास मुळे आखडतात आणि पुढील पावसाच्या खंडात झाड तग धरू शकत नाही.

चिकोरी : एक उपयुक्त उदाहरण

वाढीच्या या हिशेबाचा पद्धतशीर उपयोग कसा करता येतो, याचे चांगले उदाहरण म्हणजे चिकोरी. भारतात ही वनस्पती कॉफीत मिसळल्या जाणाऱ्या भाजलेल्या मुळांच्या भुकटीमुळे परिचित आहे. गुजरातमधील जामनगर परिसरात मुळांसाठी तिची लागवड होते. उत्तर भारतात बरसीमच्या शेतात ती कासनी या नावाने तण म्हणून उगवते. चराऊ पीक म्हणून तिचा विकास मुख्यतः न्यूझीलंडमध्ये झाला. तेथे 1985 मध्ये प्रसारित झालेला ‘ग्रासलँड्स पुना’ हा वाण या दिशेने महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

चिकोरी सूर्यफुलाच्या कुळातील बहुवर्षायू वनस्पती आहे. तिचे बी बारीक असल्याने ते सुमारे एक सेंटिमीटर खोलीवरच पेरतात. उगवणीनंतर आरंभी जमिनीलगत पानांचा चक्राकार गुच्छ तयार होतो आणि त्याच काळात जाड सोटमूळ खोल जाते. वाढीचा कोंब जमिनीच्या पातळीवर असलेल्या बुडख्यात सुरक्षित असतो. त्यामुळे पाने चरली गेली तरी कोंब वाचतो. रोपाला सहा-सात पाने येईपर्यंत तेथे जनावरे सोडत नाहीत, कारण त्यापूर्वी मूळ पुरेसे भरलेले नसते. त्यानंतर साधारण तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने चराई केली जाते आणि जमिनीलगतचा काही सेंटिमीटर भाग राखला जातो. जमीन फार ओली असताना जनावरांच्या खुरांनी बुडखा फुटतो व कुजतो. म्हणून अशा वेळी चराई टाळतात.

हिवाळ्यात चिकोरीची वाढ मंदावते. थंडीचा संस्कार झाल्यानंतर वसंतात ती फुलोऱ्याचे उंच दांडे काढते. हे दांडे कठीण असून जनावरे त्यांना नाखूश असतात. चराईच्या नियोजनाने ते वेळीच आटोक्यात ठेवले जातात. तिच्या पानांतील कडू द्रव्ये व टॅनिन यांचा मेंढ्या-शेळ्यांच्या पोटातील जंतांवर प्रतिकूल परिणाम होतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. तथापि चिकोरीचे पीक चिरस्थायी नाही. दोन ते पाच वर्षांत रोपे विरळ होत जातात आणि फेरपेरणी करावी लागते.

धाराशिवच्या माळावर चिकोरी लावावी काय, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. तिची मूळ घडण समशीतोष्ण हवामानाची आहे. चाळीस अंशांपुढे जाणारा उन्हाळा, मुरमाड उथळ जमीन आणि आठ महिन्यांची कोरड या परिस्थितीत ती गायरानावर टिकेल, असे मानण्यास आधार नाही. तिची तुलना करायचीच तर ती या जिल्ह्यात परिचित असलेल्या लसूणघासाशी करावी लागेल. लसूणघासही सोटमुळाचा असून बुडख्यातून पुन्हा फुटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरल्यास पहिली कापणी 50 ते 60 दिवसांनी आणि पुढील कापण्या 25 ते 30 दिवसांनी मिळतात. परंतु त्यास बारमाही ओलित लागते. ज्याच्याकडे विहिरीला पाणी आहे, त्याचा प्रश्न अशा पिकांनी सुटू शकतो. गायरानावर विसंबलेल्यांचा सुटत नाही. चिकोरीकडून घेण्यासारखे आहे ते बी नव्हे, तर मूळ भरेपर्यंत थांबण्याची आणि चराईनंतर विश्रांती देण्याची शिस्त.

गायरानावरील गवते आणि त्यांचे वेळापत्रक

पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय गवताळ आच्छादनाच्या अभ्यासात देशातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी सेहिमा-डायकॅन्थियम हा प्रकार दख्खनच्या पठारावर पसरलेला आहे. पवन्या व शेडा ही सेहिमा प्रजातीतील, तर मारवेल हे डायकॅन्थियम प्रजातीतील गवत होय. पवन्या व शेडा हलक्या, निचऱ्याच्या उतारावर चांगली वाढतात. मारवेलला थोडी खोल व ओल धरणारी जमीन मानवते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण विकसित केले आहेत.

ही गवते उष्ण हवामानास अनुकूल अशा प्रकाशसंश्लेषणाची आहेत. भरपूर ऊन आणि ओल एकत्र मिळाल्यास ती वेगाने वाढतात. मात्र त्यांचा वाढीचा हंगाम फार छोटा असतो. जिल्ह्यातील वार्षिक पाऊस स्थूलमानाने 700 ते 800 मिलिमीटर असला, तरी त्याचे वितरण अत्यंत विषम आहे. भूम व परंडा हे पश्चिमेकडील तालुके एरवी कमी पावसाचे गणले जातात. त्याच भागाने सप्टेंबर 2025 मध्ये अतिवृष्टी व पुराचा तडाखाही अनुभवला. सरासरीचा आकडा अशा वेळी फारसा मार्गदर्शक ठरत नाही. सर्वसाधारणपणे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत गवत वाढते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निसवते आणि नोव्हेंबरपर्यंत बी झडून वाळू लागते. वर्षभराचा चारा सुमारे शंभर दिवसांत तयार होतो.

चराई असह्य झाली की या गवतांचा क्रम बिघडतो. जनावरे रुचकर गवते प्रथम आणि पुनःपुन्हा खातात. त्यामुळे पवन्या, शेडा व मारवेल मागे पडतात आणि कुसळीचे प्रमाण वाढते. कुसळी कोवळेपणी खाण्याजोगी असते. निसवल्यावर मात्र तिची अणकुचीदार कुसळे जनावरांच्या तोंडाला टोचतात, मेंढ्यांच्या लोकरीत शिरतात व कातडीला इजा करतात. ताण आणखी वाढल्यास अल्पजीवी, चिमुकली गवते आणि जनावरे न खाणारी झुडपे उरतात. माळ पावसाळ्यात दुरून हिरवा दिसतो, पण त्यात चारा थोडाच असतो. बहुवर्षायू गवतांची दाट मुळे नाहीशी झाल्याने मातीही वाहून जाते आणि पुढील वर्षी पाणी मुरण्याची शक्यता आणखी कमी होते.

मृगानंतरचे सहा ते आठ आठवडे

पहिला चांगला पाऊस होताच बहुवर्षायू गवताच्या बुडख्यातून पालवी फुटते. ही पालवी आदल्या वर्षीच्या साठ्यावर निघालेली असते. नवी पाने पुरेशी मोठी होऊन अन्न तयार करू लागेपर्यंत साठा घटतच जातो. म्हणजे माळ हिरवा दिसू लागतो, तेव्हा गवत आतून सर्वाधिक दुबळे असते. या अवस्थेत केलेली चराई नंतरच्या त्याच प्रमाणातील चराईपेक्षा अधिक हानिकारक ठरते. सहा ते आठ आठवडे विश्रांती मिळाल्यास फुटवे वाढतात, मुळे खोल जातात व त्यानंतरची मर्यादित चराई गवत सहज सोसते. कुरणशास्त्राची ही शिफारस तत्त्वतः निर्विवाद आहे.

परंतु याच आठवड्यांत शेळीपालकाची स्थिती काय असते, हे पाहिले पाहिजे. रब्बी ज्वारीचा कडबा उन्हाळ्यात संपत आलेला असतो. सोयाबीनच्या प्रसाराबरोबर ज्वारीचे क्षेत्र घटल्याने कडब्याची उपलब्धताही पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि सोयाबीनचे भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. जूनमध्ये शेते पेरली जातात. त्यामुळे उन्हाळ्यात मोकळी असलेली रानेही चराईसाठी बंद होतात. जनावरांना जाण्याजोगी एकच जागा उरते, ती म्हणजे गायरान. गवताला सर्वाधिक विश्रांती हवी असते, नेमका त्याच वेळी त्याच्यावर सर्वाधिक भार येतो. हा शेळीपालकाच्या अज्ञानाचा परिणाम नाही. त्याला दुसरा पर्याय नसतो.

उस्मानाबादी शेळी आणि झाडपाल्याचे महत्त्व

जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी प्रामुख्याने काळ्या रंगाची, मांस व दूध अशा दुहेरी उपयोगाची आणि जुळी करडे देण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिचे मूळ क्षेत्र जुना उस्मानाबाद जिल्हा मानला जातो. 1982 मध्ये त्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. भूमिहीन मजूर, अल्पभूधारक आणि एकट्या स्त्रियांची कुटुंबे यांच्यासाठी दोन-चार शेळ्या म्हणजे अडीनडीला विकता येणारी ठेव असते. आजारपण, लग्न किंवा शाळेची फी यांसाठी लागणारा पैसा त्यातून उभा राहतो.

शेळी कुरण उजाड करते, असा आरोप नेहमी होतो. तो अर्धसत्य आहे. शेळी स्वभावतः पाला ओरबाडून खाणारा प्राणी आहे. बोर, बाभूळ, हिवर, शेवरी यांचा पाला व शेंगा मिळाल्यास ती गवताकडे कमी वळते. पाला उपलब्ध नसेल आणि माळावर केवळ नुकती फुटलेली पालवी असेल, तर ती बुडख्यापर्यंत खुरडते. तेव्हा शेळीला दोष देण्यापेक्षा त्या काळात तिच्यासमोर काय आहे, हे पाहणे अधिक योग्य ठरेल.

या दृष्टीने बांधावरील व परसातील झाडपाला हा कुरणविकासाचाच भाग मानला पाहिजे. शेवरी जलद वाढते आणि तिचा पाला शेळ्या आवडीने खातात. दशरथ घास हे द्विदल पीक थोड्या ओलीवरही वारंवार कापता येते. सुबाभळीचा पाला पौष्टिक आहे. परंतु त्यात मायमोसीन हे अपायकारक द्रव्य असल्याने एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक देऊ नये. हलक्या जमिनीत स्टायलो हे द्विदल पीक गवताबरोबर पेरता येते. त्याच्या बियांचे कवच कठीण असल्याने पेरणीपूर्वी बी वाळूबरोबर घासावे किंवा काही मिनिटे गरम पाण्यात ठेवावे. मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्र मिळते आणि वाळल्या गवतातील प्रथिनांची उणीव काही अंशी भरून निघते.

विश्रांतीची व्यवस्था

न्यूझीलंडमधील चिकोरीला विश्रांती मिळते, ती तारेच्या कुंपणामुळे. गायरानाला कुंपण असेल तर ते गावाच्या संमतीचेच असू शकते. अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारून असे कुंपण उभे करता येते, हे दाखवून दिले आहे. मात्र संपूर्ण बंदीचा भार समान पडत नाही. ज्याच्याकडे शेत व ओलित आहे, त्याची जनावरे गोठ्यात जगतात. ज्याच्याकडे केवळ शेळ्या आहेत, त्याला त्या विकाव्या लागतात. म्हणून बंदीपेक्षा आळीपाळीची चराई अधिक न्याय्य ठरू शकते.

गायरानाचे चार भाग कल्पिल्यास एक भाग जूनमध्ये जनावरांसाठी खुला ठेवावा आणि उरलेले तीन राखावेत. ऑगस्टपासून त्यांपैकी दोन भाग क्रमाने खुले करावेत. शेवटचा भाग बी झडेपर्यंत राखून नोव्हेंबरनंतर वापरावा. दरवर्षी भागांचा क्रम बदलल्यास चार वर्षांत प्रत्येक भागाला एकदा बी झडेपर्यंत पूर्ण विश्रांती मिळते. मधल्या भागांतील काही गवत फुलोऱ्यात असताना कापून, वाळवून साठविल्यास तेच पुढील जूनची भूक भागवू शकते. फुलोऱ्याची वेळ निवडण्याचे कारण असे की, तोवर वजन पुरेसे भरलेले असते आणि प्रत पूर्णपणे घसरलेली नसते. साठवलेल्या वैरणीच्या वाटपात भूमिहीन शेळीपालकांचा वाटा आधी ठरविला, तरच जूनमधील विश्रांतीचा नियम पाळला जाण्याची शक्यता आहे.

यात एक अडचण उरते, ती जमिनीची. मराठवाड्यात अनेक भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबे गायरान जमिनी कसत आली आहेत. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 व 1964 मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून हा प्रश्न सार्वजनिक जीवनात आहे. दुसरीकडे, सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात राज्यांना दिला. त्याच निर्णयात भूमिहीन अथवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांसारख्या अपवादांचीही दखल घेतली आहे. त्यामुळे कुरणविकासाच्या नावाखाली कसणाऱ्याला हुसकावणे न्याय्य नाही आणि उरलेले गायरान बांधकामे व प्रकल्प यांसाठी तुकड्यातुकड्याने संपविणेही हिताचे नाही. ज्या गायरानावर आज जनावरे चरतात, तेथूनच आरंभ करणे व्यवहार्य ठरेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. चराऊ वनस्पतीचे उत्पादन तिच्या राखीव अन्नाच्या जमाखर्चावर उभे असते. चिकोरीचे सोटमूळ असो वा पवन्याचा बुडखा, साठा भरण्यापूर्वी केलेली चराई पुढील हंगामाचे नुकसान करते. चिकोरीसारखे परदेशी पीक धाराशिवच्या कोरडवाहू माळाला उपयुक्त ठरण्याची शक्यता अल्प असून तेथील स्थानिक बहुवर्षायू गवते, द्विदल चारा आणि झाडपाला यांचा संयोग अधिक भरवशाचा आहे. मृगानंतरची विश्रांती अनिवार्य आहे, तथापि त्या काळातील चाऱ्याची सोय केल्याखेरीज ती मागणे गरीब पशुपालकावर अन्याय करणारे ठरेल.

महाविद्यालयीन पातळीवर या विषयास मोठा वाव आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जवळच्या गायरानाचा छोटा तुकडा काटेरी फांद्यांनी बंदिस्त करून आतील व बाहेरील गवतांची उंची, जाती आणि निसवण्याची वेळ दर पंधरवड्यास नोंदविली, तर दोन-तीन पावसाळ्यांत मौलिक सामग्री हाती येईल. त्याच गावात अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जून-जुलैमध्ये कोणाची जनावरे काय खातात, याची नोंद घ्यावी. गवताची वही आणि घराची वही शेजारी ठेवून वाचल्यास गावाला विश्रांतीचे असे वेळापत्रक ठरविता येईल, जे गवताला झेपेल आणि शेळीपालकालाही.